‘सिम्युलेशन’ला काय म्हणायचं? डोळ्यांवरच्या लेखात अडलंय

पानगळ: डोळा कसा घडत गेला हे संगणकावर तपासणाऱ्या प्रयोगांवरचा लेख मराठीत आणतेय. सिम्युलेशनला ‘अनुकरण’ लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, ‘संगणकाने कोणत्या डोळ्याची नक्कल केली?’ कुठल्याच नाही! सुरुवातीला असतो प्रकाश जाणवणारा सपाट ठिपका. पिढ्यांमागून पिढ्या बारीक बदल होतात, ज्याला जास्त स्पष्ट दिसतं ते टिकतं. ठिपक्याचा खळगा होतो, खळग्याचं तोंड आवळतं, मग भिंग येतं.

खडूफळा: सदृशीकरण. परिभाषेत आहे, नवा शब्द कशाला?

पानगळ: मग ‘कशाच्या सदृश?’ हे आलंच ना.

मधलीसुट्टी: सारखी असते ती प्रक्रिया, डोळा नव्हे. ‘डोळ्याचं’ नको, ‘उत्क्रांतीचं सदृशीकरण’ लिहा.

उंबरठा: माझं रोजचं काम हेच. आम्ही ‘सिम्युलेशन चालवलं’ म्हणतो. ‘सदृशीकरण चालवलं’ म्हणणारा अजून भेटला नाही.

खडूफळा: ‘दृष्टिपटल’ही कुणीतरी पहिल्यांदा लिहिलंच की. वापरलं नाही तर रुळणार कसं? खरं तर मला ‘उत्क्रांती’च खटकते. त्यात वर चढणं आहे. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, तेही वर चढणंच का? विश्वकोशातला ‘क्रमविकास’ बरा.

मधलीसुट्टी: डोळे जाणं हा ‘विकास’ तरी कसा?

उंबरठा: लेखात निल्सन आणि पेल्गर यांचा १९९४ चा निबंध असेल, तर तिथे सिम्युलेशन अजिबात लिहू नका. तसं पुष्कळदा छापलं गेलंय, पण तो हिशेब आहे. सपाट ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत एकेक टक्का बदलाच्या १,८२९ पायऱ्या, आणि मुद्दाम सावध गृहीतकं धरून सुमारे ३,६४,००० पिढ्या. संगणकात कुणी जन्मलं-मेलं नाही.

पानगळ: आहे तोच निबंध! बदलते. त्या १,८२९ पायऱ्यांपैकी कितव्या पायरीपासून ‘डोळा’ म्हणू? पहिल्या ठिपक्याला ‘नेत्रबिंदू’ केलंय. नॉटिलस या शंखवाल्या समुद्री प्राण्याला तर भिंगच नाही, समुद्राचं पाणी थेट आत जातं, तरी तो डोळाच.

मधलीसुट्टी: मोरपिसाला डोळा असतो, उसाच्या पेरालाही. दिसण्याची अट मराठीने कधी घातलीच नाही. डोळा शब्द ‘डोलणे’वरून आलाय, सतत हलतो म्हणून.

खडूफळा: नाही हो. प्राकृतात ‘डोल’ म्हणजेच डोळा.

मधलीसुट्टी: आणि त्या ‘डोल’चं मूळ?