जुनी स्पोर्ट्स कार आणि दहा जणांचे दहा सल्ले: तुमचे अनुभव लिहा

सांजवेळ:
काल गॅरेजमधली फळी आवरताना एक पत्र्याचा डबा हाताला लागला. उघडला तर माझ्या १९७१ च्या एमजीबीचे (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) काढलेले पार्ट. कॉइल, दोन फिल्टर, पॉइंटचे (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) तीन सेट आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा तो कंडेन्सर, तोही ठिणगीच्या सर्किटमधलाच. अख्खं वर्ष डोळ्यासमोर उभं राहिलं.

गाडी थंड असताना हाफ सेल्फला चालू व्हायची. पंधरा-वीस मिनिटं मस्त पळायची, मग एकदोनदा झटके द्यायची आणि बंद. बॉनेट उघडून तेवढाच वेळ थांबलं की परत चालू. एकजण म्हणाला व्हेपर लॉक आहे, म्हणजे गरम होऊन पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल अडतं, पाइपला फॉइल गुंडाळ. दुसरा म्हणाला पंप गेलाय. तिसरा म्हणे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर खोल. चौथा म्हणे पॉइंट फेकून दे आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव. सगळे अनुभवी, सगळे जीव तोडून सांगणारे, नाही कुणाला म्हणणार? एका रविवारी मी कॉइल, फिल्टर, पॉइंट सगळं एकदम बदललं, चार दिवस गाडी छान चालली, पाचव्या दिवशी परत रस्त्यात उभी आणि आता ते चार दिवस नक्की कशामुळे चालली होती हे कळायला काही मार्गच उरला नाही.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी सल्ला दिलाच नाही. "बंद पडली की तिथूनच फोन कर, कशाला हात लावू नको" एवढंच. आले, इग्निशन ऑन ठेवायला सांगितलं आणि मागच्या चाकाजवळ वाकून कान दिला. पंप दोनचारदा टकटक करून थांबला. "पेट्रोल पोचतंय" म्हणाले. मग प्लगची वायर काढून इंजिनजवळ धरली आणि मला सेल्फ मारायला लावला. ठिणगी पिवळट, बारीक, मधेच गायब. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून कंडेन्सर बदलला, परत सेल्फ. आता ठिणगी निळी आणि कट् कट् असा आवाज. तापल्यावर कंडेन्सर आतून सोडत होता, गार झाला की परत धरत होता. वर्षभराचं दुखणं दहा मिनिटांत सापडलं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा, गाडी कुठलीही चालेल.

रातकिडा:
अगदी अगदी!! एमजीबीला पंप मागे टाकीजवळ असतो, तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे पाइपात व्हेपर लॉक व्हायची शक्यता तशी कमीच. आमच्या ट्रायम्फ स्पिटफायर गाडीला पंप इंजिनवर, तो लांबून ओढून घेतो, शिवाय गरम इंजिनला चिकटलेला, तिथे खरंच होतं. म्हणजे सल्ला देणारा खोटं नव्हता बोलत, त्याच्या गाडीला ते झालेलं असणार.

पानगळ:
स्पिटफायर म्हणालात म्हणून लिहिते. पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक वळताना ज्यांच्या आट्यांवर फिरतं ते खालचे सांधे. त्याला निपल असतं आणि निपल दिसलं की सगळे ग्रीस गन लावतात. मला तीन जणांनी ग्रीस सांगितलं, एकाने ऑइल, मी अर्थातच तिघांचं ऐकलं. दोन वर्षांनी एका बाजूला स्टिअरिंग जड लागायला लागलं म्हणून खोललं, तर वरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं आणि खाली आट्यांमध्ये तांबूस पाणी. हाताने पुसलं तर आटे निम्मे खाल्लेले. गाडीच्या मूळ मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, ईपी ९० गिअर ऑइल, ग्रीस नाही. ते ऑइल आट्यांपर्यंत उतरतं आणि पाण्याला आत येऊ देत नाही. आटे असेच खात गेले तर लिंक तुटून चाक आत दुमडतं, हे खोलणाऱ्याने सांगितलं तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसले. मुलगी शेजारच्या सीटवर बसायची माझ्या.

रातकिडा:
बापरे ताई. वेळेत खोललंत.

मोरपीस:
+१ मूळ मॅन्युअलला. बाकी सांजवेळ, गाडीचा रंग कोणता? फोटो टाका ना

सांजवेळ:
हिरवा, गडद. फोटो रात्री टाकतो. पानगळताई, तुमचं वाचून काटा आला.

ओलीमाती:
घाईत लिहितोय, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात. माझी एअर कूल्ड पोर्शे ९११. नवीन होती माझ्याकडे (म्हणजे जुनीच, पण मला नवीन) तेव्हा सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक काढली, कोरडी. घाबरून शेजारच्या काकांना विचारलं, ते म्हणाले आधी ऑइल भर मग बोल, इंजिन जाईल. त्यांचं काय चुकलं, बाकी सगळ्या गाड्यांना ते बरोबरच आहे. भरलं. निघालो तर मागे पांढऱ्या धुराचा लोट, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल. या गाडीला ऑइलची टाकी वेगळी असते, उभी राहिली की ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. मोजायचं ते इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आयडलवर चालू ठेवून, सपाट जागेवर. काकांना नंतर सांगितलं तर दोन दिवस त्यांनाच वाईट वाटत होतं, मीच समजूत काढली.

उंबरठा:
काका गोड आहेत

चांदणचुरा:
आमच्याकडे बाबा आणि मामा. बाबांच्या गाडीच्या ब्रेक ऑइलवरून दोघं आठ महिने बोलत नव्हते, खरंच. मामा म्हणायचा सिलिकॉनचं डॉट ५ घाल, रंग खात नाही, पाणी शोषत नाही. बाबा म्हणायचे डॉट ४ च, दर दोन वर्षांनी बदलीन. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. पण मामाने एकदा बाबा नसताना प्रेमाने डबीत डॉट ५ ची भर टाकली आणि ही दोन एकमेकांत मिसळतच नाहीत. पेडल स्पंजसारखं झालं. सगळी लाइन रिकामी करून, सील बदलून परत भरावी लागली. त्या दिवशी मात्र दोघं एकत्र बसले, मामा पेडल दाबत होता, बाबा खाली झोपून निपल सोडत होते, "दाब", "धर", "सोड", एवढंच बोलणं आणि त्यातच आठ महिने मिटले. मामा आता नाही. बाबा अजून ब्रेकमधली हवा काढताना "धर" म्हणतात आणि क्षणभर थांबतात.

मोरपीस:
😢

पानगळ:
चांदणचुरा, डोळ्यात पाणी आणलंस गं.

टिपूर:
अवांतर, पण कव्हरखाली मांजर पिल्लं घालते त्यावर काही उपाय? सीटवर केस केस झालेत.

उंबरठा:
पिल्लं मोठी होईपर्यंत गाडी नका काढू, दुसरा उपाय नाही 🙂

टिपूर:
नाहीच काढणार. फक्त बॅटरी उतरते त्याची काळजी.

सांजवेळ:
निगेटिव्ह काढून ठेवा. माझ्या गाडीला सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्यावरही दोन गट आहेत, एक म्हणतो मूळ तशाच ठेव, एक म्हणतो एकच बारा व्होल्टची बसव. मी ठेवल्यात.

रातकिडा:
एक बसवा हो. मधल्या जोडाच्या वायरला गंज आला की शोधत बसाल.

ओलीमाती:
नका बसवू, मूळ ते मूळ.

नवापाऊस:
पहिल्यांदाच लिहितोय. गेल्या महिन्यात जुनी गाडी घेतली, गिअरबॉक्सला जीएल ५ गिअर ऑइल घालायचं ठरलंय, दुकानदार म्हणतो आकडा मोठा म्हणजे चांगलं. बरोबर आहे का?

रातकिडा:
थांबा, घालू नका! सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) पितळेचे असतील तर जीएल ५ मधल्या गंधकामुळे ते खाल्ले जाऊ शकतात. जुन्या पुष्कळ गाड्यांना जीएल ४ सांगितलेलं असतं, एमजीबीच्या गिअरबॉक्सला तर इंजिन ऑइलच. गाडी कुठली आहे? तिचं मॅन्युअल बघा.

नवापाऊस:
स्पिटफायर. मॅन्युअल नाहीये. आणि वरचं ट्रनियनचं वाचून मगाशी खाली जाऊन बघितलं, निपलच्या तोंडाशी पिवळं ग्रीस आहे.

पानगळ:
दादा, खोलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. मॅन्युअलच्या त्या पानांचे फोटो पाठवते, पोरीला जेवायला वाढते आणि लगेच.