ट्रॅव्हल जिऑग्राफीचा अभ्यास कसा करू?

पर्यटनाचा कोर्स करतेय. राजधान्या पाठ होतात, पण टाइम झोन आले की गोंधळ उडतो. पुढे हॉटेल रिझर्व्हेशनमध्ये जायचंय.

उत्तर: नुसतं पाठांतर नको, नकाशा उघडा ठेव. विमानतळांचे कोडही बघ. सॅन होजे दोन आहेत, एसजेसी कॅलिफोर्नियात, एसजेओ कोस्टा रिकात!

उत्तर: दोन्ही वेळा आधी जीएमटीत (ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत) आण, मगच वजाबाकी कर. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा, म्हणजे तारीख बदलते ती रेषा, ओलांडली जाते. रिझर्व्हेशनवाल्याने इथे तारीख चुकवली, तर पाहुणा दारात आणि खोली उद्याची. माझ्या मते हा धडा सगळ्यात महत्त्वाचा.

उत्तर: ऋतूही विसरू नकोस. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनला जुलैत स्कीइंग असतं, कारण दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा.

जीएमटीची युक्ती पटली. आज त्यावरच बसते.