रोजची गोळी, तीन महिन्यांचा आकडा : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

आईला २००९ मध्ये सीएमएल (हळूहळू वाढणारा एक ब्लड कॅन्सर) निघाला तेव्हा आम्ही इंदूरला नारायणबागेत राहत होतो. डाव्या कुशीत जड वाटतं म्हणून ती सहा महिने ओवा चावत होती, आणि वाढली होती प्लीहा. पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार. ब्लड कॅन्सर म्हटल्यावर काकांनी नागपूरच्या आत्याला शेवटचं भेटायला बोलावून घेतलं. आत्या जाऊनही आता सहा वर्षं झाली. आई आहे.

औषध म्हणजे रोजची एक गोळी, इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणावर, पेलाभर पाण्याबरोबर. सुरुवातीला डोळ्यांखाली सूज, रात्री पोटऱ्यांत गोळे. परदेशी ब्रँडचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जायचा. भारतीय कंपन्यांची तीच गोळी मिळत होती म्हणून घर तरलं. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने परदेशी कंपनीला पेटंट नाकारलं, त्या संध्याकाळी आईने देवापुढे साखर ठेवली.

दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल, म्हणजे या आजाराचा जनुक रक्तात किती उरलाय त्याची तपासणी. दंडातून रक्त काढतात, हाडातली मज्जा काढायचं दुखणं दरवेळी सोसावं लागत नाही. आकडा ०.१ टक्क्याच्या खाली राहिला की जिंकलं. आईने ते सगळे आकडे दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेत, मागच्या पानापासून सुरू करून.

आपल्या माणसांत हे बोललं जात नाही. लिहा, कृपया.

रामबागवाला

ताई, मीही सीएमएलचाच. वय ४४. सासरी अजून सांगितलेलं नाही. तिसऱ्या वर्षी अगदी ठणठणीत वाटायला लागलं आणि मेहुणीच्या लग्नाच्या धावपळीत दोन महिने गोळी घेतलीच नाही. आकडा ०.०३ टक्क्यावरून थेट ४ वर. डॉक्टर रागावले नाहीत, गप्प बसले. ते जास्त लागलं. म्युटेशनची, म्हणजे आजाराच्या जनुकात बदल झालाय का याची, तपासणी केली. टी३१५आय नावाचं म्युटेशन असतं तर नेहमीच्या बहुतेक गोळ्या चालल्या नसत्या. ते नव्हतं. मग डासाटिनिब ही दुसरी गोळी. त्याने फुप्फुसाभोवती पाणी झालं, डोस कमी करावा लागला. आता गोळ्यांची पट्टी चष्म्याच्या डबीत ठेवतो. चष्म्याशिवाय माझं पान हलत नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका, हात जोडून सांगतो.

सुदामानगर

बाबांना सीएलएल आहे, तोही ब्लड कॅन्सरच, पण वेगळा. पाच वर्षं नुसती देखरेख, औषध नाही. कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे आजीला कधीच पटलं नाही.

लेकुरवाळी

मला मूल हवं होतं आणि इमॅटिनिबवर असताना गर्भ राहू द्यायचा नसतो. सहा वर्षं गोळी घेतली, त्यातली शेवटची तीन वर्षं आकडा अगदी तळाला होता. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली आणि दर महिन्याला तपासणी. त्यांनी आधीच सांगितलं होतं, जवळपास निम्म्या लोकांत आजार परत डोकं काढतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. गोळी पुन्हा सुरू केली की बहुतेकांचा आटोक्यात येतो. ते सहा महिने रिपोर्टचा फोन वाजला की मी आधी खाली बसायची. मुलगी आता दोन वर्षांची आहे. गोळी अजून बंदच आहे.

धागाकर्ती

हे आईला वाचून दाखवलं. चार वर्षं तिचा आकडाच सापडत नाहीये, तरी बंद करण्याचं आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ती बराच वेळ वही चाळत बसली. सोमवारी भेट आहे. वही घेऊन जातोय.