सहा आठवड्यांत पांढऱ्या पेशी 1,86,000 वरून 2,900 वर. अण्णांची गोळी थांबवायची का?

अण्णांची लेक, कराड (शनिवार, संध्याकाळ)

नमस्कार. वडिलांबद्दल विचारायचंय. अण्णा 61 वर्षांचे, ऊसशेती आहे. गणपतीनंतर त्यांना जेवण जाईना. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. तपासलं तर प्लीहा वाढलेली आणि पांढऱ्या पेशी 1,86,000. मग बीसीआर-एबीएल या बिघडलेल्या जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे सीएमएल, रक्ताचा एक कर्करोग. पुण्याच्या डॉक्टरांनी इमॅटिनिब 400 ची रोज एक गोळी सांगितली, जेवणानंतर मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. दर पंधरा दिवसांनी इथेच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून रिपोर्ट पाठवायचा.

पहिल्या रिपोर्टला 71,000, दुसऱ्याला 9,800. घरात पेढे वाटले आम्ही. आजचा तिसरा: पांढऱ्या पेशी 2,900, त्यातल्या न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पेशी) 38 टक्के, प्लेटलेट 62,000 (सुरुवातीला 4,10,000 होत्या), हिमोग्लोबिन 9.4. प्रत्येक ओळीपुढे खाली जाणारा बाण. चुलते म्हणतात गोळी जास्त होतेय, आजपासून बंद करा आणि पपईच्या पानांचा रस द्या, त्यांच्या मुलाला डेंग्यूत दिला होता. पुण्याची तारीख अजून नऊ दिवसांवर आहे आणि डॉक्टरांचा फोन लागत नाही. अण्णा मात्र म्हणतात, मला बरं वाटतंय, भूक लागते. साडेआठला जेवण होतं. गोळी वाटीत काढून ताटाशेजारी ठेवलीय. देऊ की नको?

जुना पेशंट, नाशिक

ताई, पहिलं काम फोनचं. डॉक्टरांचा मोबाइल लागत नसेल तर फाइलवर हॉस्पिटलचा नंबर असतो, तिथे लावून ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना हेच आकडे वाचून दाखवा. शनिवार रात्र असली तरी कोणीतरी असतंच. गोळी द्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. तुम्ही नाही, चुलत्यांनी नाही, मीही नाही.

मला सीएमएल 2013 साली कळला. त्याच एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकचं, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबचं, पेटंट नाकारलं, म्हणून वर्ष पक्कं लक्षात आहे. जेनेरिक गोळीवरच मी आजवर जगतोय. माझेही आकडे दुसऱ्या महिन्यात असेच कोसळले होते. बायको रात्रभर रडली होती. नंतर डॉक्टरांनी समजावलं ते सांगतो. बोनमॅरोत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे, रोगट पेशींनी बहुतेक जागा अडवलेली असते. गोळीने त्या मरतात, पण दबून गेलेल्या चांगल्या पेशींना पुन्हा जोर धरायला वेळ लागतो. या मधल्या काळात सगळेच आकडे खाली येतात. म्हणजे औषध लागू पडत असतानाही असं होतं.

आता गणित. नुसत्या 2,900 कडे बघू नका. त्याचे 38 टक्के काढा: 1,102. ही न्यूट्रोफिलची खरी संख्या, डॉक्टर तिला एएनसी म्हणतात. ती 1,000 च्या खाली किंवा प्लेटलेट 50,000 च्या खाली गेल्या की साधारणपणे गोळी थांबवतात, आणि एएनसी 1,500 व प्लेटलेट 75,000 च्या वर आल्या की परत सुरू करतात. अण्णा या रेषेच्या वर आहेत, पण अगदी काठावर. म्हणून आजच फोन.

दोन गोष्टींना मात्र वाट बघू नका. ताप 100.4 च्या वर गेला, किंवा हिरड्यांतून, नाकातून रक्त आलं, तर थेट हॉस्पिटल. आणि या गोळीने रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका. प्लेटलेट कमी असताना तिने रक्तस्राव होऊ शकतो.

पपईचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. डेंग्यूतल्या प्लेटलेट वेगळ्या कारणाने उतरतात.

लॅबवाला, सोलापूर

मी टेक्निशियन आहे, माझ्या बाजूचं सांगतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत काही जणांच्या प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन त्या कमी मोजतं. एवढ्या उतरल्या असतील तर स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, काढून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायला सांगा. गठ्ठे दिसले तर निळ्या झाकणाच्या नळीत परत सॅम्पल घेतात. सीएमएलमध्ये स्मिअर तसाही हवाच, कच्च्या पेशी किती उरल्यात ते त्यातच नीट कळतं. लॅब बदलू नका. एक लॅब 2,900 लिहिते, दुसरी 2.9, आणि घरचे लोक विनाकारण हादरतात.

अण्णांची लेक, कराड (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. त्या रात्री निवासी डॉक्टर फोनवर भेटले. गोळी द्या आणि मंगळवारी स्मिअरसकट सीबीसी परत करा म्हणाले. अण्णांनी पावणेदहाला गोळी घेतली. मंगळवारी गठ्ठे नव्हते, आकडे खरेच होते: पांढऱ्या पेशी 2,300, न्यूट्रोफिल 41 टक्के, म्हणजे 943. प्लेटलेट 48,000. मग डॉक्टरांनीच गोळी थांबवली आणि दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं.

ते दिवस फार जड गेले. गोळ्यांची पट्टी कपाटात आणि आम्ही सगळे नुसते सोमवारची वाट बघतोय. चुलते म्हणाले, बघ, मी बंदच करा म्हणत होतो. अण्णाच त्यांना म्हणाले, "तण मेलंय, पीक उगवायचं राहिलंय. बंद कधी करायची आणि चालू कधी, ते आकडा बघून ठरतं." नाशिकच्या दादांचं उत्तर मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं होतं.

काल पांढऱ्या पेशी 4,100, न्यूट्रोफिल 44 टक्के, प्लेटलेट 88,000. रात्रीपासून गोळी परत सुरू, तीच 400 ची. गुणाकार आता अण्णाच करतात, ऊसतोडीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर. 1,804 खाली त्यांनी दोन रेघा मारल्यात.

एक विचारायचं राहिलं. सीबीसी चांगला आला की तीन महिन्यांची पीसीआर (रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजायची तपासणी) पुढे ढकलली तर चालते का? महाग आहे म्हणून विचारते.

जुना पेशंट, नाशिक

दोन रेघा वाचून फार बरं वाटलं. ढकलू नका. सीबीसीत पेशींची संख्या कळते, रोग किती उरलाय ते कळत नाही. ते पीसीआरच सांगते. तीन महिन्यांना बीसीआर-एबीएल 10 टक्के किंवा कमी यायला हवं, सहा महिन्यांना 1, वर्षाला 0.1. मधे गोळी किती दिवस बंद होती तेही डॉक्टरांना तारखांसकट सांगा. रिपोर्टवर 'आयएस' (आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) लिहिलेलं असेल अशीच लॅब धरा आणि पुढेही तीच ठेवा. खर्चाचं हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, ओपीडीच्या दिवशी सकाळी लवकर जा.