चाकण – तळेगाव – रांजणगाव: गाडीचा रूट कसा लावू? (मदत हवी आहे)

पत्रेवाला
नमस्कार मंडळी. तातडीचं आहे म्हणून पाल्हाळ लावत नाही. आमचं प्रेस शॉप (पत्र्याचे पार्ट दाबून बनवायचा कारखाना) चाकणला. माल तळेगावला जातो आणि रांजणगावला. गाडी एकच. आधी तळेगाव उतरवून तीच गाडी रांजणगावला पाठवायचो, आता ते जमेनासं झालंय. वेळेत गाडी गेटवर नसली की कस्टमर डेबिट नोट फाडतो, म्हणजे बिलातून पैसे कापतो. ड्रायव्हर म्हणतो आळंदी-मरकळवरून जाऊ, धाकटा भाऊ म्हणतो सरळ शिक्रापूर. मोबाईलवरचा नकाशा रोज वेगळंच सांगतो. कुठला रूट पक्का धरू? ज्यांनी स्वतः गाड्या पाठवल्यात त्यांनीच सांगा प्लीज.

निवृत्त_डिस्पॅच
चाकणला म्हणजे नक्की कुठे? महाळुंगे, निघोजे, कुरुळी, आंबेठाण, सगळ्यांना चाकणच म्हणतात, पण गाडी काढायला प्रत्येकाचं गणित वेगळं. गाडी कोणती? गेट किती वाजता?

शिक्रापूरकर
यात विचारायचं काय? चाकण, शेल पिंपळगाव, बहुळ, शिक्रापूर. तिथून नगर रोडला लागलात की रांजणगाव. सरळ रस्ता आहे.

इंद्रायणीकाठी
सरळ आहे हो, मोकळा कधी असतो ते सांगा. न्हावाशेवाहून नगरकडे जाणारा कंटेनर पुणं टाळायला तळेगावला वळतो आणि याच रस्त्याला लागतो. ५४८ डी असा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर मिळाला म्हणून रस्ता रुंद होत नाही. एक ट्रेलर बंद पडला की मागे रांग. आळंदी, मरकळ, तुळापूर, लोणीकंद करा.

शिक्रापूरकर
आणि लोणीकंदला नगर रोडवर आल्यावर? कोरेगाव भीमा, सणसवाडी शिफ्ट सुटायच्या वेळी पाहिलंय का कधी? शिवाय आळंदीत लग्नसराई म्हणजे रस्त्यात वरात. कार्तिकी एकादशीला तर गाडी आत सोडतच नाहीत.

इंद्रायणीकाठी
एकादशी रोज नसते. तुमचा जॅम रोज असतो.

पाबळचा_पाहुणा
दोघांचंही राहू द्या. राजगुरुनगरहून कनेरसर-पाबळ रस्ता धरा, शिक्रापूरला पाबळ फाट्यावर निघतो. वाटेत कनेरसरच्या यमाईचं दर्शनही होतं.

निवृत्त_डिस्पॅच
दर्शनाचा खर्च कस्टमर देणार का? चाकणहून आधी उत्तरेला राजगुरुनगर, मग पुन्हा पूर्वेला. डिझेल कोणाच्या बापाचं?

टोलमुक्त
टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढा. २०० फेऱ्या. मी काढलाय, मस्त आहे.

भोचक_भवानी
तो पास खाजगी कार, जीप, व्हॅनला असतो हो काका, मालगाडीला नाही. आणि टोलबद्दल इथे विचारलंय कोणी?

ट्रॅफिकग्रस्त
मुळात नियोजनच नाही. आधी कारखाने आले, मग चाळी, मग सोसायट्या, रस्ता सगळ्यात शेवटी. चाकणला नगरपरिषद आली तीसुद्धा २०१५ मध्ये. नाशिक फाटा ते खेड (राजगुरुनगर) उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० किमी, ७,८२७ कोटी. तो झाला की बघा.

भोचक_भवानी
तोवर धागाकर्त्याने पत्रे डोक्यावरून न्यायचे का? शिवाय तो मार्ग पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. याला जायचंय आडवं.

पत्रेवाला
बापरे, एवढे प्रतिसाद. शॉप महाळुंग्याला. गाडी १७ फुटी आयशर, माल साडेतीन-चार टन, बिनमध्ये (मोठ्या पेट्यांत). रांजणगाव सकाळी १० ते १२, तळेगावला दुपारी चारपर्यंत कधीही चालतं. येताना रिकाम्या बिन आणाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी माल भरायला बिनच नसतात.

निवृत्त_डिस्पॅच
हे आधी सांगितलं असतं तर निम्मा धागा वाचला असता! तळेगावला वेळेचं बंधन नाही आणि तुम्ही सकाळी पहिली गाडी तिकडेच पाठवताय? अगदी उलटं.

महाळुंगे म्हणजे चाकणच्या मुख्य चौकाच्या अलीकडे, तळेगावच्या बाजूला. तळेगाव तुमच्या अंगणात आहे: खालुंब्रे, सुदुंबरे, इंदोरी, झालं. रांजणगावच्या गाडीला मात्र चाकणचा तळेगाव चौक ओलांडावा लागतो आणि तिथे पुणे-नाशिकची सगळी गर्दी आडवी येते. रांजणगाव जेमतेम ५० किमी आहे, वेळ खातो तो चौक. म्हणून माल आदल्या संध्याकाळी भरा, रात्री चौक पार करून गाडी शेल पिंपळगावच्या बाजूला उभी करा. सकाळी निवांत निघा. परत येताना रिकाम्या बिन उतरवून तळेगावचा माल टाका. वेळ कमी पडेल त्या दिवशी तळेगावला भाड्याचा टेम्पो लावा. दुसरी गाडी घेऊ नका.

इंद्रायणीकाठी
रात्रभर भरलेली गाडी रस्त्यावर? डिझेल काढतील. आणि ई-वे बिलाचं (मालासोबतचा जीएसटीचा कागद) काय, मुदत नाही संपणार?

निवृत्त_डिस्पॅच
रस्त्यावर कोण लावा म्हणतंय? आणि बिलाचा पहिला दिवस काढलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपतो, २०० किमीपर्यंत एक दिवस पुरतो. फक्त पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर बरोबर टाका. ड्रायव्हरला मुक्कामाचा भत्ता द्या, त्यात कंजूसपणा नको.

शिक्रापूरकर
म्हणजे रस्ता माझाच! अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा अधूनमधून बदलतात, त्या बघत जा. आणि १ जानेवारीला गाडी काढूच नका. पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला गर्दी असते, नगर रोडची वाहतूक वळवतात.

पाबळचा_पाहुणा
त्या दिवशी पाबळ रस्ता आठवेल सगळ्यांना.

पत्रेवाला
निवृत्त_डिस्पॅच साहेब, उद्यापासून करून बघतो. रात्री गाडी लावायला तिकडे जागा कोण देईल?

निवृत्त_डिस्पॅच
पेट्रोल पंपावर विचारा. रोजचं डिझेल त्यांच्याकडे भरता म्हटलं तर भाडंही मागणार नाहीत. कॅमेरा चालू आहे का तेवढं बघून घ्या.

टोलमुक्त
बरं, पण मग मालगाडीला पास का नाही देत?