अहवालातील ‘जीएम’ म्हणजे नेमका कोणता स्नायू?

प्रश्न:
उजव्या कुशीवर झोपल्यावर आणि जिना चढताना खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखते, म्हणून एमआरआय काढला. अहवालाच्या निष्कर्षात ‘जीएम टेंडनला सूज’ (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट भाग) एवढेच लिहिले आहे. ग्लुटिअस मॅक्सिमस, ग्लुटिअस मीडिअस आणि ग्लुटिअस मिनिमस या नितंबाच्या तिन्ही स्नायूंच्या नावांची आद्याक्षरे ‘जीएम’च होतात. मग मी कोणता समजावा?

पहिले उत्तर:
आपली शंका अगदी रास्त आहे. लॅटिनमध्ये मॅक्सिमस म्हणजे सर्वांत मोठा, मीडिअस म्हणजे मधला आणि मिनिमस म्हणजे सर्वांत लहान. ज्या शब्दाने वेगळेपण कळायचे त्याचेच पहिले अक्षर सारखे असल्यामुळे हा घोटाळा होतो. म्हणूनच काळजीपूर्वक लिहिणारे जी-मॅक्स, जी-मेड आणि जी-मिन असे लिहितात. अहवालाच्या वर्णनात ‘ग्रेटर ट्रोकँटर’ हे शब्द आहेत का, ते पाहावे. मांडीच्या हाडाच्या या बाहेरच्या उंचवट्यावर मीडिअस आणि मिनिमस जोडलेले असतात, तर मॅक्सिमसचा बराचसा भाग मांडीच्या बाहेरील इलिओटिबिअल पट्ट्यात आणि उरलेला ट्रोकँटरच्या खाली, हाडाच्या मागच्या बाजूला जातो.

दुसरे उत्तर:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा फरक व्यायाम ठरवताना फार महत्त्वाचा असतो. मॅक्सिमस मांडी मागे नेतो; बसल्या जागेवरून उठताना तो जोर लावतो. मीडिअस मांडी बाहेर नेतो आणि एका पायावर उभे असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकू देत नाही. कमरेच्या हाडाच्या कडेखाली, बाजूला तळहात ठेवून दुसरा पाय हळूच उचलावा. हाताखाली जो स्नायू टणक होतो, तो मुख्यतः मीडिअस. ‘जीएम’ वाचून कोणी मॅक्सिमस गृहीत धरला आणि केवळ पाठीवर झोपून नितंब उचलण्याचाच व्यायाम दिला, तर खरी गरज बाजूलाच राहू शकते.

तिसरे उत्तर:
स्नायूंच्या विद्युत-नोंदींच्या तक्त्यांत ‘जीएम’ म्हणजे पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमिअस मीडिअॅलिसही असू शकतो. विद्यार्थिदशेत असाच एक तक्ता मी अर्धा दिवस खुब्याचा समजून वाचत होतो. तेव्हापासून आधी संक्षेपांची यादी पाहतो.

प्रश्नकर्ता:
वर्णनात ग्रेटर ट्रोकँटरचा उल्लेख सापडला, त्यामुळे मॅक्सिमसची शक्यता जवळजवळ मिटली. मीडिअस की मिनिमस, हे मात्र अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारतो आणि पूर्ण नाव लिहून घेतो.