आईला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. कानाचं मशीन घेण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

पाऊलवाट :
आईचं वय ६४. गेलं वर्षभर डाव्या कानाला फोन लावला की म्हणते, "कुणीतरी बोलतंय, पण काय ते उमगत नाही." उजव्या कानावर तोच फोन व्यवस्थित. डाव्या कानात बारीक शीळही वाजत राहते. मळ काढला, पडदा चांगला आहे. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात) डावा कान उजव्यापेक्षा बराच कमी, आणि खाली 'सेन्सरीन्यूरल' असा शेरा. मशीन विकणारे म्हणाले, वयाचं आहे, दोन्ही कानांना लावून टाका. माझं मन धजत नाही. काय करू?

मंद्रसप्तक :
थांबलात ते फार चांगलं केलंत. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करते.

त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की दोष आतल्या कानात आहे किंवा ऐकण्याच्या नसेत, म्हणजे मज्जातंतूत. नेमका कुठे, ते साध्या ऑडिओग्रामवरून कळत नाही. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिया असतो, त्यात साधारण १५ हजार केसपेशी. बाहेरच्या रांगांतल्या पेशी आवाज वाढवून देतात. आतल्या रांगेतल्या, जेमतेम साडेतीन हजार, तो नसेकडे सोपवतात. या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. वयाबरोबर शंखाच्या तोंडापाशी बसलेल्या, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून अ, आ, ओ ऐकू येतात पण स, त, फ निसटतात, आणि 'साप' म्हटलं की 'ताप' ऐकू येतं. पण वयाची झीज दोन्ही कानांत साधारण सारखीच होते. एकच कान एवढा मागे पडला असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

ईएनटी डॉक्टरांकडे स्पीच टेस्ट, म्हणजे शब्द ओळखण्याची चाचणी, मागा. शिट्टीसारखे साधे स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात आणि शब्द मात्र फारच कमी ओळखता येतात, असं निघालं तर संशय नसेवर जातो. आणि कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून टोचायचं औषध) देऊन एमआरआय करायचा का, हे स्पष्ट विचारा. पेसमेकर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.

पाऊलवाट :
एमआरआयचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. त्यात काय शोधतात? शिवाय तरुणपणी आईला जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली होती, त्याचा परिणाम असेल का?

मंद्रसप्तक :
जेंटामायसिन केसपेशी मारू शकतं, पण ते रक्तातून दोन्हीकडे पोचतं, म्हणून बहुधा दोन्ही कान जातात. एका कानाचं कारण म्हणून मला ते पटत नाही, तरी डॉक्टरांना जरूर सांगा.

एमआरआयमध्ये मुख्यतः व्हेस्टिब्युलर श्वानोमा नाही ना, हे बघतात. ही गाठ कॅन्सरची नसते आणि बहुधा सावकाश वाढते. ती तोल सांभाळणाऱ्या नसेवर येते, पण ती नस, ऐकण्याची नस आणि चेहऱ्याची नस एकाच हाडाच्या बोगद्यातून जातात, म्हणून दाब कानावर येतो. बहुतेकांच्या एमआरआयमध्ये ती सापडत नाही.

रानजाई :
माझ्यात ती सापडली. त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. ४ वर्षं झाली, गाठ लहान आहे, ऑपरेशन नाही. ठरावीक अंतराने एमआरआय करून लक्ष ठेवतात. अंधारात चालताना झोक जातो, म्हणून रात्री दिवा लावून ठेवते. ताई, तपासणीला आईंच्या सोबत जा. त्या मशीनचा ठोकठोक आवाज फार मोठा असतो, कानात बोळे मागून घ्या.

सांजदिवा :
इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक विनंती. मला सकाळी उठल्यावर एका कानात दडा बसल्यासारखं झालं. सर्दी समजून ३ आठवडे थेंब घातले. तो कान परत आला नाही. वेळेवर स्टेरॉइड सुरू झाली असती तर काही ऐकू आलं असतं का, हा विचार अजून छळतो.

मंद्रसप्तक :
हे फार महत्त्वाचं आहे. ३ दिवसांच्या आत अचानक ऐकू कमी आलं तर ती तातडीची बाब. स्टेरॉइड जितकी लवकर तितकं बरं, पहिल्या २ आठवड्यांत तरी. घरी एवढं करून बघा : तोंड मिटून गुणगुणा. आवाज बिघडलेल्या कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा पडद्यामागचं पाणी. चांगल्या कानाकडे सरकला तर आतला कान किंवा नस, मग त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून डॉक्टर हेच बघतात. पण गुणगुणून खात्री वाटली नाही तरी थांबू नका.

पाऊलवाट :
आत्ताच आईला गुणगुणायला सांगितलं. आवाज उजवीकडे जातो म्हणाली. मशीनचं रद्द केलं, परवा ईएनटीकडे जातोय. रानजाई, तुमचं वाचून आईनेच विचारलं, एमआरआयला किती वेळ लागतो?

रानजाई :
मला साधारण अर्धा-पाऊण तास लागला. डोळे मिटून पडून राहायचं, हातात बेल देतात. घाबरल्यासारखं झालं तर दाबायची.